काउंटरवरची शीला

आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोर शीला गायकवाड दिसते. पॅसेजमध्ये मांडी घालून बसलेली, पुढ्यात परातभर वाफाळता भात. येणारा कोणीही असो, त्याच्या हातात ती पुठ्ठ्याचा तुकडा देते आणि म्हणते, "वारा घाला. जोरात नको." कुरिअरवाल्याने वारा घातला आहे, माझं रक्त तपासणीला न्यायला आलेल्या मुलीनेही घातला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी पॅसेज अडवल्याची तक्रार घेऊन आले होते. तक्रार संपेपर्यंत तेही वारा घालत होते.

"शीलाताई, पॅसेजमध्ये स्वयंपाक करता येत नाही."

"कुठं लिहिलंय?"

"नियमावलीत आहे."

"स्वयंपाक आत झाला. हितं भात फक्त गार होतोय. थांबू नका, हात चालू ठेवा."

नातवंडांनो, हा भात सुशीचा. तुमच्याकडे परदेशात सुशी दुकानात प्लास्टिकच्या डबीत मिळते, आणि तुम्ही ती रस्त्याने चालता चालता खाता. इथे चिंचवडमध्ये ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये होते, आणि ती चालता चालता खाण्याची कोणाची हिंमत नाही.

शीला पन्नाशी ओलांडलेली. चाकणला जपानी इंजिनिअर उतरतात त्या गेस्ट हाऊसमध्ये ती भांडी घासायला म्हणून लागली. तिथलं स्वयंपाकघर बसवून द्यायला एक वयस्कर जपानी आचारी काही महिने आला होता. शीला त्याला म्हातारबा म्हणते. त्याला मराठी येत नव्हतं, हिला जपानी. "तो भात चिमटीत धरायचा आणि नाक मुरडायचा. मी परत लावायची. भांडायला भाषा कशाला लागते?" एक दिवस हिने त्याला मावळातला चिकट इंद्रायणी भात करून वाढला. म्हातारबाने रिकामा वाडगा पुन्हा पुढे केला. शीलाच्या मते तिचं शिक्षण त्या दिवशी पूर्ण झालं.

म्हातारबा परत गेला, जाताना आपली एक सुरी तिला देऊन गेला. त्या सुरीला कोणी हात लावलेला तिला चालत नाही. घरच्या सरावासाठी महागडा मासा परवडायचा नाही, म्हणून ती पिकलेल्या पपईचे तिरके, पातळ काप करते. भाताच्या मुटक्यावर बसवले की हुबेहूब सॅमन माशाचे तुकडे दिसतात. तिचे यजमान गौतमराव निवृत्त कामगार, अतिशय अबोल. टीव्हीवरच्या बातम्यांवरची नजर न काढता ते एकामागून एक तुकडा तोंडात टाकतात. "कसा आहे मासा?" असं मी एकदा विचारलं. "गोड," म्हणाले.

गेल्या वर्षी तुमच्यातल्या ईराने मला फोनवर एका छोट्याशा सिनेमाची गोष्ट सांगितली. एक मेक्सिकन बाई असते, तिला सुशी करायची असते, आणि सगळे तिला मागच्या स्वयंपाकघरातच ठेवू पाहतात. ईराला वाटलं, आजीला नवल वाटेल. मी तीच गोष्ट शीलाला सांगितली. तिने सुरी खाली ठेवली.

"शेवटी काय झालं त्या बाईचं?"

"ते काही ईराने सांगितलं नाही."

"म्हणजे आपल्यालाच बघावं लागणार," शीला म्हणाली.

त्याच सुमारास गेस्ट हाऊसच्या जेवणाच्या हॉलमध्ये लाकडी काउंटर बांधला गेला. पाहुण्यांनी समोर बसायचं, आचाऱ्याने त्यांच्यादेखत सुशी वळायची. शीलाने नवा ॲप्रन शिवून घेतला. आणि मॅनेजरने काउंटरवर किरणला उभं केलं. किरण दार्जिलिंगचा, स्वभावाने गोड, नुकताच कामाला लागलेला. त्याने स्वतःच येऊन तिला सांगितलं, "दीदी, मैंने तो सिर्फ मोमो बनाए हैं."

शीला मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, "ताई, काउंटरला तसा चेहरा लागतो. भात तुम्हीच लावा ना आत, तुमच्यासारखा कोणाला जमतो?"

"जपानी चेहराच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, ताई. दिसतं."

"किरणचा चेहरा जपानी आहे?"

"लांबून आहे."

हे मला सांगताना ती हसत नव्हती. "काकू, चेहरा माझा आहे तो आहे. आत उभं राहून दुसऱ्याच्या नावावर भात लावणार नाही मी." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. गेस्ट हाऊसची गाडी खाली येऊन हॉर्न वाजवायची, ही गॅलरीत उभी राहून तिच्याकडे बघायची आणि आत यायची. नोकरी जाईल अशी भीती मी घातली. "जाऊ द्या की," म्हणाली. पण त्या आठवड्यात पॅसेजमध्ये परात दिसली नाही, आणि सेक्रेटरीसुद्धा मला विचारून गेले, शीलाताईंची तब्येत बरी आहे ना म्हणून.

मग एका संध्याकाळी ती नवा ॲप्रन बांधून, सुरी फडक्यात गुंडाळून लिफ्टने खाली जाताना दिसली.

सकाळी मी चहाचा कप घेऊन तिच्याकडे गेले. शीला गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. गौतमराव पालक निवडत होते.

"मोठे साहेब आले होते काल," तिने सुरुवात केली. "किरण बिचारा घाबरला, गरम भातच वळायला घेतला त्यानं. तुकडे उचलले की सुटायचे. साहेब लोक चमचे मागायला लागले. मग मॅनेजरचा फोन. ताई, गाडी पाठवतो. मी म्हणलं, येते. पण भांड्यांजवळनं येणार नाही. पुढच्या दारानं येणार, आणि काउंटरच्या मागं उभी राहणार."

"आणि मग?"

"मग काय! उभी राहिले. बघत होते सगळे. एकानं फोटो काढला. मी म्हणलं काढ बाबा, टिकलीसकट काढ."

"आता पुढे? मॅनेजर काय म्हणतो?"

"म्हणतो, बघू. मी म्हणलं, तुम्ही बघा, मी उभी राहते. किरण तर खूश आहे, त्याला मोमो करू दे म्हणलंय."

मग तिने ओंजळीने पायांवर पाणी घेतलं.

"एक म्हातारा साहेब होता, काकू. त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत." ती बादलीतल्या पाण्याकडे बघत होती. "लग्न झाल्यापासून डबे भरतेय मी. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे भरून द्यायचा. सेकंड असली की हे यायच्या आत मी झोपलेली. पोरं मोठी झाली, त्यांचेही डबे. रिकामा डबा तेवढा परत यायचा. आपण केलेलं खाताना माणसाचं तोंड कसं होतं, ते काल बघितलं मी."

"रविवारी तरी एकत्र जेवत असाल ना?"

"रविवारी ओव्हरटाइम. आता घरी असतात, तर तोंड टीव्हीकडं."

पालक निवडणारे हात थांबले. "मी पण मिटायचो," गौतमराव म्हणाले.

"काय मिटायचा?"

"डोळे. कँटीनमध्ये. डब्यात शेंगदाण्याची आमटी असली की. शेजारचा शिंदे हसायचा. म्हणायचा, गायकवाड, झोपला का राव?"

शीलाने बादलीतून पाय बाहेर काढले. "मग घरी येऊन सांगायला काय झालं होतं?" तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "एवढी वर्षं! तोंड नव्हतं?"

"तू झोपलेली असायचीस," ते म्हणाले. "उठवायला जिवावर यायचं."

ती ओल्या पावलांनी स्वयंपाकघरात गेली. डबे आपटल्याचे, झाकण पडल्याचे आवाज आले. बाहेर आली ती भाकरी आणि पिठल्याचं ताट घेऊनच. ते तिने गौतमरावांपुढे ठेवलं, पालक बाजूला सारला आणि खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली.

"खा."

गौतमरावांनी संकोचून माझ्याकडे पाहिलं. मी माझा कप उचलला आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.