सुदर्शन सरांनी सिंधुबाईंसह वीस घरांचे गाव वसविले त्याची हकीकत

स्वस्ति. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, पौष मासीं, कसबे लातूर, ट्यूशन एरियाचे पिछाडीस, तिसऱ्या गल्लीतील बैठ्या घरी जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान अथपासून इतिपर्यंत लिहून पाठवावे, ऐशी आज्ञा चिरंजीव शिवांगीबाईसाहेब, मुक्काम नांदेड, वैद्यकविद्यालय, वर्ष पहिले, यांची आली. आज्ञा शिरी धरून हे लेखन केले. पदरचे काही घातले नाही, आणि जेथे घातले तेथे बेमालूम घातले आहे.

तरी प्रथम राजश्री सुदर्शनराव सर यांचे वर्णन. मूळ वास्तव्य देवणीकडील, वंशपरंपरा शेतीची, परंतु नांगर टाकून खडू हाती धरिला आणि सव्वीस वर्षे गणिताचे मैदानी अखंड लढाई दिली. त्यांचे हाताखालून किती डाक्तर आणि किती इंजिनेर बाहेर पडले याची मोजदाद नाही. सरांचा शिरस्ता ऐसा की दर रविवारी परीक्षा, बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. आणि आपण काढिलेल्या पत्रिकेतील एकही प्रश्न आजवर रद्द केला नाही. दोन पालकमंडळे चालून आली, तरी केला नाही.

सौभाग्यवती सिंधुबाई, सरांच्या पत्नी, माहेर औसे तालुक्यातील. आसपासच्या वसतिगृहांतील चाळीस मुलींचे डबे या घरून जात. गल्लीत चहूंकडे चार-चार मजली वसतिगृहे उभी राहिली, परंतु सिंधुबाईंनी आपले घरावर दुसरा मजला चढू दिला नाही. सरांनी एकदा नकाशा काढून आणिला, तो बाईंनी घडी घालून धान्याच्या कोठीखाली ठेविला, आणि ते प्रकरण तेथेच मिटले.

कन्या नांदेडास रवाना जाहली आणि घरात विलक्षण शांतता पसरली. अठरा वर्षे उभयतांचे बोलणे कन्येच्या गुणांवरून चालत आले होते. रसायनात किती, जीवशास्त्रात किती, झोपली किती, जेवली किती. ते गुण गेले आणि बोलणेही गेले. दुपारी डबे रवाना जाहल्यापासून संध्याकाळच्या बॅचपर्यंत दोन तास दोघे समोरासमोर बसत, मग सर म्हणत, ऊन फार आहे, आणि बाई म्हणत, हाय की. सरांस हे मनापासून सलत होते. बायको समोर बसली आहे आणि तिच्याशी बोलावयास विषय नाही, या गणितास त्यांजपाशी रीत नव्हती.

ऐसे असता नांदेडाहून जाडजूड पेटी आली आणि पाठोपाठ शिवांगीबाईसाहेबांचा दूरध्वनी आला की, "पप्पा, दुपारभर नुसतं बसून काय करूलाले तुम्ही दोघं? हा खेळ खेळा. आमच्या होस्टेलात सगळ्या खेळूलाल्यात. एकट्याला बी खेळता येतो, दोघांना बी." दोन महिन्यांत कन्येच्या जिभेवर नांदेड चढले, याची बाईंनी नोंद घेतली.

पेटी उघडिली तो आत डोंगराचे चित्र असलेला पट, त्यावर चौकोन, वीस लाकडी घरे, मूठभर काळे दगड आणि साठ पत्ते. एकेक पत्ता उघडावा, त्यावर दगड मिळाले तर घ्यावे, संकट आले तर सोसावे, आणि त्या दगडांतून, पत्ते संपण्याचे आत, वीसही घरे उभी करावी. उभी राहिली तर दोघांची फत्ते, एक जरी उणे राहिले तरी दोघांची शिकस्त. शत्रू कोणी नाही, दोघे एकाच बाजूचे. हे वाचून सर बहुत गोंधळले. दोघेही जिंकले तर पहिला नंबर कोणाचा, हे त्या ग्रंथात कोठेच दिले नव्हते.

मग सरांनी चोवीस पानांचा नियमग्रंथ तीन दिवस लाल पेन घेऊन वाचिला. बाईंस हुकूम जाहला की पत्ते चित्रांवरून लावून मोजून ठेवावे. बाईंनी लाविले, मोजिले आणि सांगितले, "बरोबर हायेत." सरांनी पुन्हा मोजिले नाही. सव्वीस वर्षांत दुसऱ्याने तपासलेला पेपर आपण न तपासता पुढे पाठविला, तो हाच पहिला.

चौथे दिवशी मोहिमेस आरंभ जाहला. नियम ऐसा की घराला खेटून घर बांधिले तर एक दगड वाचतो. पण संकटांत भूकंपाचा पत्ता आहे, तो आला की ज्या घरावर येईल ते पडते आणि त्याला खेटून असलेली सर्व पडतात. सरांनी हिशेब केला की घरे खेटून बांधावी आणि भूकंपात पडेल ते पुन्हा उभारण्यासाठी तीन दगड हाती राखून ठेवावे, ते काही केल्या खर्चू नयेत. बाईंनी हिशेब केला नाही. त्यांनी पहिले घर डोंगराच्या पायथ्याशी मांडिले आणि दुसरे एक चौकोन सोडून. तिसरे आणखी एक सोडून.

सर म्हणाले, "अगं, लांब लांब कशाला मांडतेस? दगड वाया चाललेत."

"मोकळं असू द्या की मधी," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी एकोणीस घरे जाहली आणि पत्ते संपले. दुसरे दिवशी अठरा. तिसरे दिवशी पुन्हा एकोणीस. दरवेळी सरांच्या मुठीत तीन दगड तसेच राहिले आणि भूकंप काही आला नाही. सर म्हणत, आज नाही आला, उद्या येईल. मग त्यांनी सवयीप्रमाणे वही काढिली आणि बाईंनी घर लांब मांडिले की एक गुण वजा, ऐसा आकार सुरू केला. सहावे दिवशी सर्वांसमक्ष, म्हणजे बाईंसमक्ष, एकूण बेरीज वाचून दाखविली. वजा सतरा.

बाई उठल्या. आवाज न चढविता त्यांनी फर्मान काढिले, "तुमचं तुम्ही खेळा. एकट्याला बी येतो म्हणं." आणि मेथीची जुडी घेऊन ओसरीत गेल्या.

तेथून सरांची एकाकी मोहीम सुरू जाहली. एकट्याने खेळण्याचे नियम ग्रंथात निराळे होते, तेही लाल पेनाने वाचिले. आता वजा गुण देण्यास कोणी नाही, म्हणून सरांनी प्रामाणिकपणे स्वतःस दिले. चार दिवस चार लढाया, आणि चारही वेळा एकोणीस घरे. ओसरीत मेथी निवडली जात होती आणि आत सर एकटे बसून लाकडी घरे हलवीत होते. समोरची खुर्ची रिकामी पाहून त्यांस पटावरील चौकोन नीट दिसेनात. कन्या गेल्यापासून घर रिकामे वाटले होते, परंतु ते आता जसे वाटले तसे नव्हते.

याच सुमारास शेजारचे मकसूदमियां सुतार घरास आले. सरांनी खेळासाठी ठेंगणे मेज सांगितले होते, काठाला पट्टी लावलेले, दगड घरंगळू नयेत म्हणून. मियांनी मेज ठेविले, चारी पाय दाबून पाहिले, खेळ पाहिला, खुर्ची पाहिली, ओसरीकडे पाहिले.

"सर, मेज दोघांच्या मापाचा हाय," ते म्हणाले. "तुम्ही एकटेच बसायलाव, म्हणून तिकडून उचलायलाय."

सर म्हणाले, "जमीन उंचसखल असंल."

"जमीन बराबर हाय, सर," ऐसे बोलून मियां गेले.

तो शब्द सरांस लागला. पण गणिताचा माणूस, दुखावला की मोजू लागतो. त्यांनी मनाशी मांडिले की साठ पत्ते दहा वेळा उलटले, भूकंप एकदाही आला नाही, हे शक्यच नाही. पत्ते मोजिले. एकोणसाठ. पुन्हा मोजिले, पुन्हा एकोणसाठ. ग्रंथातील यादी लावून पाहिली तो पूर आहे, वणवा आहे, गारपीट आहे, भूकंप नाही. सर संतापले. छापणाऱ्याने घात केला, अपुरी पत्रिका देऊन परीक्षा घेतली, ऐशा मजकुराचे खरमरीत पत्र कंपनीस लिहावे ऐसा निश्चय करून, घसा कोरडा पडला म्हणोन, पाण्यास मुदपाकखान्यात शिरले.

आता येथील एक गोष्ट सांगणे जरूर. त्या घरी ओट्याच्या कोपऱ्यात एक तांब्या कायम उपडा असे, तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी. शके १९१५ च्या भाद्रपदात, गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे धरणी हालली, त्यानंतर त्या मुलुखात घरोघर ऐसे मनोरे रचिले गेले. जमीन जराशी हालली की भांडी पडावी, आवाज व्हावा आणि माणसे बाहेर पळावी. पुढे वर्षे लोटली, घरोघरचे मनोरे मोडले, पेले पाणी पिण्यास गेले. सिंधुबाईंचा मोडला नाही. लग्न होऊन आल्या त्या दिवशी त्यांनी तो रचिला, आणि सरांस वीस वर्षांत तो दिसेनासा जाहला होता.

सरांनी रागाच्या भरात तोच पेला उचलिला. वाटी खाली आली, वाटीमागे तांब्या ओट्यावरून फरशीवर आला, आणि ऐसा खणखणाट जाहला की गल्लीतील कुत्री उठली. तांब्याखालून एक पत्ता घसरून सरांच्या पायाशी पडला. सरांनी तो वाकून उचलिला, तोच ओसरीतून सिंधुबाई धावत आल्या.

बाहेर अंगण दोन पावलांवर होते. बाई तिकडे गेल्या नाहीत, आत आल्या. सरांचे मनगट धरिले, "भाईर! भाईर चला आधी!" ऐसा पुकारा केला आणि वजनाने दुप्पट असलेल्या त्या सरदारास ओढीत अंगणात नेले. पायात चप्पल नाही, पदरात मेथीची पाने, आणि मनगट काही सोडिले नाही.

धरणी स्थिर होती. समोरच्या चौथ्या मजल्यावर मुली कपडे वाळत घालीत होत्या. सरांच्या एका हाती पेला आणि दुसऱ्या हाती पत्ता, त्यावर भेगा पडलेल्या घराचे चित्र. बाईंनी ते पाहिले.

"म्याच काढून ठेवला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. तुम्ही गाव वसवायचं म्हणलात, मग हे कशाला त्यात?" पुढे म्हणाल्या, "तवा मी बारा वर्षांची. जाग आली तशी मी भाईर पळाले. माळवद पडलं, ताई त्याच्याखाली राहिली. आवाज देत होती, मला आत कुणी जाऊ दिलं न्हाई."

हे सरांस ठाऊक होते. लग्नाचे वेळी मेहुण्याने एका वाक्यात सांगितले होते, आणि सरांनी ते एका वाक्याइतकेच ध्यानी ठेविले होते. आज मनगटावर बाईंची पाच बोटे उमटली होती. ती आत आली, माझ्यासाठी आत आली, इतकेच सरांस वारंवार सुचत राहिले आणि डोळे भरून आले. सव्वीस वर्षे शेकडो पोरांस प्रश्न नीट वाचा म्हणोन सांगणाऱ्या या गृहस्थाने घरातला प्रश्न वाचलाच नव्हता. वीस घरे, मधी मोकळी जागा. आणि आपण त्यास वजा सतरा दिले.

तेव्हां सरांनी, जे दोन पालकमंडळांपुढे केले नाही, ते अंगणात अनवाणी उभे राहून केले.

"हा प्रश्न रद्द," ते म्हणाले. "तुला पूर्ण गुण. हा पत्ता आपल्या घरात नको."

बाईंनी नाक ओढिले, पत्ता हाती घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "नको. राहू द्या त्यात. न्हाई तरी तुम्ही मुठीत दगड धरून त्याचीच वाट बघायलाव, आणि मी जागा सोडून त्याच्यासाठीच मांडायले. त्याच्यावाचून आपण हरायलोत." ऐसे हे निदान निघाले. जो भूकंप पेटीत नव्हता त्याच्याशी दोघे सहा दिवस लढत होते, आणि एकमेकांस सांगत नव्हते.

मग दुसरे दिवशी, डबे रवाना जाहल्यावर, मकसूदमियांच्या मेजावर अखेरची लढाई जाहली. मेज दोन्ही बाजूंनी सारखे बसले. पत्ते साठ, बाईंनी मोजिले, सरांनी मोजिले, पुन्हा बाईंनी मोजिले. घरे बाईंच्या मनाप्रमाणे लांब लांब उठली, वही कपाटात राहिली, आणि सर तीन दगड मुठीत धरून बसले. एकेचाळिसावा पत्ता सरांनी उलटिला आणि हात तसाच राहिला.

"आला," ते म्हणाले.

"येऊ द्या की," बाई म्हणाल्या, परंतु डावा हात मेजाखालून सरांच्या गुडघ्यावर आला होता. मधले एक घर पडले. खेटून कोणी नव्हते, म्हणोन बाकीची बारा जागच्या जागी उभी राहिली. पत्त्याच्या तळाशी तीन दगडांचे चित्र होते; तो नियम सरांनी तीन दिवस ग्रंथ वाचूनही गाळिला होता आणि बाईंनी चित्रावरून एका नजरेत ओळखिला. "पडलेल्या घराचे दगड परत मिळतेत," त्या म्हणाल्या. "कुठं जातेत? तिथंच पडतेत ना." मग सरांनी मूठ उघडिली, राखलेले दगडही बाहेर आले, कारण आता ते राखून ठेवण्यास कारण राहिले नव्हते. आणि पंधरा, सतरा, एकोणीस ऐशी घरे चढत गेली, आणि शेवटचा पत्ता उलटण्याचे आत विसावे घर उभे राहिले. ते कोठे मांडावे असे सरांनी विचारिले. बाईंनी बोट ठेविले तेथे, एक चौकोन मोकळा सोडून, मांडिले.

त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला सर सात मिनिटे उशिरा गेले. सव्वीस वर्षांत हे प्रथम घडले, आणि विद्यार्थ्यांत नाना तर्क चालले.

येणेप्रमाणे पौष वद्य पंचमीस फत्ते जाहली. पट उचलिला नाही, गाव तीन दिवस मेजावर तसेच राहिले. मनोरा पुन्हा रचिला, तो यावेळी सरांनी स्वहस्ते रचिला: तांब्या, पेला, वाटी. पत्ता पेटीत आहे. नांदेडाहून पुसणे आले की खेळलात का, त्यास सिंधुबाईंनी उत्तर दिले, "खेळलो. पहिला नंबर दोघांचा." आणि फोन कानाशी असताच त्या सरांस म्हणाल्या, बसा, दुसरा डाव लावते. तेवढे लिहून, मेजाचे दोन्ही बाजूंस माणसे बसलेली पाहून, लेखणी ठेविली.