काटेसाहेबांचा चाळीसचा आकडा

नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत शिरतात. एकच गाडी आकडे वाजवत शिरते. कोपऱ्यावर खणखणीत आवाज येतो, "बारा." मग "दहा." फाटकापाशी "पाच" आणि पार्किंगमध्ये "शून्य." दर रविवारी साडेबाराला शून्य होतं, आणि शून्य ऐकू आलं की मी कुकरखालचा गॅस बंद करते. घड्याळ बघायची गरज मला सहसा पडत नाही.

हे आकडे म्हणणारे गृहस्थ म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे मनोहर वाघोलीकर. वय शहात्तर. सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून केली. दुकानदारांचे तराजू तपासायचे, मापांवर सरकारी शिक्का आहे का बघायचं, नसेल तर पावती फाडायची. पेठेने त्यांचं नाव काटेसाहेब ठेवलं, आणि त्यांनी ते नेमप्लेटसारखं मिरवलं.

निवृत्त झाले तरी त्यांचा प्रश्न निवृत्त झाला नाही. डॉक्टर रक्तदाब बघायला आले, की दंड पुढे करायच्या आधी विचारणार, "यंत्राला शिक्का आहे का?" मुलीला, म्हणजे केतकीला, बघायला आलेल्या मुलाने उंची सहा फूट सांगितली होती. काटेसाहेबांनी पोहे संपू दिले आणि मग टेप काढली. मुलगा पाच फूट साडेदहा इंच भरला. बाकी सगळं पसंत पडल्यामुळे लग्न झालं, पण आज तो जावई अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर असूनही सासऱ्यांच्या लेखी दीड इंच तुटीतच आहे.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा तेविसाची होते आणि स्वतःला फार समजत होते. बी.ए., तेही दुसऱ्या वर्गात. केसांचा बॉबकट. डोळ्यांवर गॉगल, आणि तो वाण्याच्या अंधाऱ्या दुकानातसुद्धा काढायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी वाण्याला सगळ्यांच्या देखत सुनावलं, की मला नवीन समजून साबुदाणा कमी घालू नका. मागे उभ्या असलेल्या एका शिडशिडीत माणसाने खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःचं शिक्क्याचं वजन काढलं, माझी पुडी तोलली आणि म्हणाला, "बाई, वीस ग्रॅम जास्त आलाय. परत करा." गॉगल लावून वीस ग्रॅम साबुदाणा परत करायचा प्रयत्न कोणी करू नये. निम्मा दुकानाच्या पायरीवर सांडला आणि तो मीच वेचला. काटेसाहेबांशी ओळख झाली ती अशी, ओणव्याने.

त्यांची बायको कुमुद माझी मैत्रीण झाली. कुमुदला झुरळ, साप, सासू कशाचीच भीती नव्हती. भीती एकाच गोष्टीची, वेगाची. रिक्षात बसली की ती डोळे गच्च मिटायची, माझा दंड धरायची आणि विचारायची, "किती झाला गं?" रिक्षा लक्ष्मी रोडच्या गर्दीत मुंगीच्या पावलांनी चाललेली असायची. मी गॉगलवाली शहाणी सांगायची, "ऐंशी." तिची नखं माझ्या दंडात रुतायची आणि मी हसून हसून बेजार. विनोदबुद्धी म्हणतात ती आपल्यात ठासून भरली आहे, असा माझा त्या वेळी पक्का समज होता.

काटेसाहेब निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांच्या खात्याची पिकअप गाडीही निवृत्त झाली. गावोगावच्या बाजारात प्रमाणित वजनं वाहून नेणारी गाडी. लिलावात ती त्यांनीच घेतली. कुमुदची गच्चीवर बाग होती. तिच्यासाठी दर रविवारी दोघं लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याकडून शेणखत आणायला जायची. मला किती वेळा बोलावलं. मी म्हणाले, शेणखताच्या गाडीत बसायला मी काय पाटी आहे? तेव्हा मी पंचावन्नची होते आणि अक्कल अजून वाटेत होती.

सहा वर्षांपूर्वी कुमुद गेली. काटेसाहेबांनी रविवार सोडला नाही. बाग तेच बघू लागले, उरलेलं खत गल्लीभर वाटू लागले. आणि आकडे मोठ्याने म्हणायची सवय त्यानंतरच गल्लीच्या कानावर आली. एकट्याने गाडी चालवतानाही म्हणायचे. सिग्नलला शेजारी थांबलेले लोक बघत राहायचे. आम्ही म्हणायचो, निरीक्षकाचा किडा, दुसरं काय. एक मात्र होतं. चाळीसच्या वरचा आकडा त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. सोलापूर रस्त्यावर मालाने भरलेले ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागे टाकून जायचे.

गाडी म्हातारी होत चालली होती. डिझेलचा काटा केव्हाच गेला होता. टाकीत बांबूची काठी घालून ते डिझेल मोजायचे. इंजिनच्या उष्णतेचा काटाही गेला, पण त्याला काठी सापडेना. एका रविवारी हडपसरला गाडीने वाफेचा असा लोट सोडला, की लोक बादल्या घेऊन धावले. पुढच्या आठवड्यात वेगाच्या काट्याची केबल तुटली. त्या दिवशी गल्लीत गाडी आली, पण आकडा आला नाही. आमचा भात गाळ झाला. नंतरचे दोन रविवार काटेसाहेब घरातून हललेच नाहीत. आकडा दिसत नाही तर गाडी काढायची नाही, एवढंच म्हणाले, आणि गच्चीवर सुकत चाललेल्या कुंड्यांना पाणी घालत राहिले.

केतकीला हडपसरची वाफ अमेरिकेत कळली. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, की बाबा, सगळं नीट दाखवणारं मीटर बसवा, नाहीतर मी दिवाळीत आले की गाडी विकून टाकणार. आणि तिकडून तिनेच एक खोकं पाठवलं. काळी काच, आत निळे आकडे. वेग, डिझेल, उष्णता, बॅटरी, सगळं एकाच चौकटीत.

ते बसवायला नाना पेठेतून रशीदभाई आले. रशीदभाईंनी आयुष्यभर गाड्यांची मीटरं उघडली आहेत. पिकअपचं जुनं मीटर त्यांनी ओढून काढलं, तेव्हा मागून तारांचा गुंता असा बाहेर आला, जणू कोणी शेवयांचं पातेलं उपडं केलंय. तुटकी केबल काढून तिथे वेग मोजणारा नवा सेन्सर बसवला. काटेसाहेब शेजारी स्टुलावर, डोळ्यात तेल घालून.

पुढचे तीन दिवस आमच्या पार्किंगमध्ये तपासणी चालली. उष्णतेचा सेन्सर माझ्या गॅसवर, माझ्या चहाच्या भांड्यात उकळला. शेजारी तापमापक धरून काटेसाहेब उभे. डिझेल पितळी मापाने एकेक लिटर ओतून बघितलं. पहिल्या खेपेला टाकी भरली तरी मीटर रिकामी दाखवत होतं. काटेसाहेब म्हणाले, "पहिल्याच दिवशी खोटी साक्ष." रशीदभाईंनी आतलं गणित उलटं करून दिलं, मग सगळं डिझेल उपसून पुन्हा ओतलं. शेवटी रशीदभाई म्हणाले, आता वेगही एकदा रस्त्यावर तपासून घेऊ. तर काटेसाहेब म्हणाले, "वेग काही भांड्यात ओतून मोजता येत नाही. आणि खोक्यावर शिक्का आहे." खरंच होता. चांगला लठ्ठ, सोनेरी. रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पाने पिशवीत भरले.

त्या रविवारी मी स्वतःहून म्हटलं, मी येते लोणीला. माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला खत हवंच होतं. अठरा वर्षांनी का होईना, मी पाटी व्हायला तयार झाले. नात सई हिला सांगून ठेवलं, की शून्य ऐकू आलं की गॅस बंद कर. तिने माझ्या फोनवर नकाशा लावून दिला आणि कोपऱ्यात आपला वेगही दिसतो हे दाखवलं.

हडपसर मागे पडलं. काटेसाहेबांनी आकडा दिला, "चाळीस." खिडकीतून असा वारा आला, की माझा पदर मागच्या काचेला जाऊन चिकटला. आम्ही एका बसला मागे टाकलं. काटेसाहेब खुशीत होते. "नवं मीटर बसल्यापासून गाडी किती हलकी झाली बघा," म्हणाले. मी फोन बघितला. चौसष्ट.

माझ्यासारख्या बाईने ही गोष्ट लगेच सांगावी असं कोणाला वाटत असेल, तर त्याला मी कळलेच नाही. मी किलोमीटरचे पुरते दोन दगड जाऊ दिले. मग गोड आवाजात म्हटलं, "अहो, माझ्या फोनमध्ये चौसष्ट दिसतोय."

"फोनला शिक्का आहे का?"

"नाही."

"मग?"

पण आतला निरीक्षक जागा झाला. त्यांनी मला समोरच्या खणातून ऑफिसचं जुनं थांबघड्याळ काढायला लावलं. किलोमीटरच्या एका दगडाला चालू, पुढच्याला बंद. छप्पन्न सेकंद. तोंडातल्या तोंडात हिशेब झाला आणि काटेसाहेबांनी गाडी हळूहळू कडेला घेऊन एका कडुलिंबाखाली थांबवली. चष्मा लावला. पिशवीतून भिंग काढलं. काचेच्या कोपऱ्यात, रव्याच्या कणाएवढी तीन इंग्रजी अक्षरं होती.

"मैल," ते म्हणाले. "हे मैल दाखवतंय."

मला हसू आवरेना. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मापांवरची बारीक अक्षरं वाचलेला माणूस स्वतःच्या काचेवर फसला होता. गल्लीत हे कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला घेतली. मग माझ्या लक्षात आलं, की हसणारी मी एकटीच आहे.

"मालतीवहिनी," ते म्हणाले, "मी तिला चाळीस म्हणून सांगितलं हो."

"कोणाला?"

"कुमुदला. इथेच बसायची, तुम्ही बसलाय तिथे. डोळे मिटून. विचारायची, किती झाला? मी सांगायचो. चाळीसच्या वर नेणार नाही, असा शब्द दिला होता. बारा वर्षांत एकदाही खोटा आकडा सांगितला नाही." भिंग त्यांनी रुमालात गुंडाळलं. "आता ती विचारत नाही. मी आपला सांगतो. हल्ली जरा मोठ्याने सांगावं लागतं. लांब आहे ना."

सहा वर्षं आम्ही सगळे जे ऐकून हसत होतो, ते नुसते आकडे नव्हते, उत्तरं होती. माझा हात आपोआप दंडाकडे गेला. म्हटलं, आता तरी खरं बोलावं. "मी तिला रिक्षात ऐंशी सांगायची."

"माहीत आहे. घरी येऊन मला विचारायची, मालती ऐंशी म्हणते, खरं का हो? मी सांगायचो, मालतीच्या आकड्याला शिक्का नाही."

म्हणजे गॉगलवालीचा निकाल त्या घरात केव्हाच लागला होता. या वेळी आम्ही दोघंही हसलो, ते मागून येणारी बस निघून जाईपर्यंत.

मग रशीदभाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की काचेखालची दोन्ही बटणं एकदम दाबून धरा, आकडे लुकलुकले की सोडा, मैल जाऊन किलोमीटर येईल. आलं. फोन ठेवण्याआधी रशीदभाई म्हणाले, "साहेब, पावती मी फाडू का?"

"फाडा," काटेसाहेब म्हणाले. "माझ्याच नावाने फाडा."

खत भरून आम्ही परत निघालो. मागे शेणखताच्या गोण्या, पुढे आम्ही दोन म्हातारी माणसं. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. मी फोन पर्समध्ये घातला, पदर खोचला आणि डोळे मिटले.

"किती झाला हो?"

त्यांनी काचेवरच्या आकड्याकडे बघितलं. मग शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात उत्तर आलं. "अडतीस."

घरी पोहोचेपर्यंत मी विचारत होते आणि ते सांगत होते. डोळे मिटून बसलं की गाडी फारच हलते, हे कुमुदने मला कधी सांगितलं नव्हतं.

जिन्यातच करपल्याचा वास आला. सई कुकर उघडून हिरमुसून उभी होती. भात तळाला चांगलाच लागला होता.

"आजी, ते शून्य म्हणालेच नाहीत गं."

"म्हणाले," मी सांगितलं. "हळू म्हणाले."