मीनाच्या मशीनची गिटार

गोरक्षने ती कॅसेट घेतली ती पुसून टाकण्यासाठी. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. नाशिकरोडच्या जुन्या बाजारात टोपीवाल्या गोऱ्या माणसाचं चित्र असलेली कॅसेट पडून होती. हिच्यावर भजनं भरून घेऊ, एवढा साधा विचार. (गोरक्षवरची सगळी संकटं अशाच साध्या विचारांतून आलेली आहेत. अपवाद लग्नाचा, तो विचार त्याच्या वडिलांनी केला होता.)

पुसण्याआधी एकदा ऐकावी म्हणून लावली आणि गडी जागच्या जागी बसला. गाणं इंग्रजी, ओ की ठो कळेना. पण गाणाऱ्याच्या मागे दुसरंच कोणीतरी गात होतं. एक सूर जागेवर उभा, आणि दुसरा शेजारून हळूच वर सरकत जाऊन त्याला मिळायचा. रडता रडता कोणी हसावं तसं. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट देणाऱ्या कारकुनाला हे शोभत नव्हतं, पण आलं.

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या सुनीलला त्याने घरी बोलावून कॅसेट ऐकवली.

"याला कंट्री म्हणतात," सुनील म्हणाला. "अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली जुनी गाणी. आणि हे मागे वाजतंय ना, ती पेडल स्टील. गिटार टेबलासारखी आडवी ठेवायची, तारांवरून स्टीलची कांडी फिरवायची आणि पायाने पेडल दाबून तार ताणायची."

"आणि तो गाणारा काय म्हणतोय?"

"बायको सोडून गेली म्हणतोय."

"बरं केलं तिने," स्वयंपाकघरातून मीना म्हणाली.

एकलहऱ्याच्या कॉलनीत गोरक्षला गोरक्ष म्हणून कोणी ओळखत नसे. त्याची बायको मीना ब्लाउज शिवायची, आणि फार सुंदर शिवायची. तेव्हा हा सगळ्यांचा 'मीनाताईंचे मिस्टर'. एकदा तरी कोणी आपल्या नावाने दार वाजवावं, ही त्याची फार दिवसांची इच्छा. त्या भरात त्याने गणपतीच्या कार्यक्रमात नाव दिलं आणि मंडळाने ते छापूनही टाकलं: 'श्री. गोरक्ष, पेडल स्टील गिटार (प्रथमच)'. आता फक्त वाद्य मिळवायचं राहिलं होतं. ते अख्ख्या जिल्ह्यात कुठे नव्हतं, म्हणून घरीच करायचं ठरलं.

फळी जुन्या दाराची, तारा सुनीलच्या, खालून ओढायला सायकलच्या ब्रेकच्या केबली. तारांवरून फिरवायला लसूण ठेचायचा स्टीलचा बत्ता. (गुळगुळीत, जड, हातात बसणारा. बत्त्याचा जन्म यासाठीच झाला असावा, असं गोरक्षचं मत.) राहिली पेडलं. आणि त्याची नजर मीनाच्या शिलाई मशीनवर गेली. भक्कम लोखंडी स्टँड, खाली जाळीदार पायडल. पंजा दाबला तर एक केबल ओढेल, टाच दाबली तर दुसरी!

मीना भाजी घेऊन परतली तेव्हा मशीनचं डोकं पलंगावर पांघरूण घेऊन निजलं होतं आणि स्टँडवर दाराची फळी चढली होती.

"अहो, हे काय?"

"पेडल स्टील."

"गौरी आठ दिवसांवर आल्यात! चौदा ब्लाउज द्यायचेत मला!"

"आधी ऐक तर." त्याने पंजा दाबला. तार कुंईं करून वर गेली आणि पाय उचलला तरी वरच राहिली. दुसऱ्यांदा दाबल्यावर तुटून मीनाच्या पिशवीतल्या भेंड्यांवर येऊन पडली.

मीनाने पिशवी तिथेच टेकवली. सरळ पीसीओवर गेली आणि येवल्याला वडिलांना फोन लावला. ते मशीन तिच्या वडिलांनी, रावजींनीच लग्नात दिलेलं होतं. रावजी पैठणी विणणारे. चाळीस वर्षं मागावर बसले. दोन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले, जरीची बारीक तार दिसेना, आणि माग सुटला. तेव्हापासून म्हातारा नुसता ओट्यावर बसून असायचा. जेवायला हाक मारली तरी 'हं' एवढंच. मीनाला रात्रंदिवस त्याचीच काळजी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रावजी हजर. गोरक्ष पाया पडायला वाकला आणि शक्य तितका वेळ वाकूनच राहिला.

रावजींनी हातांनी चाचपायला सुरुवात केली. तारा, केबली, पायडल.

"जावईबापू, हा माग कोनी मांडला?"

"मामा, माग नाही, गिटार आहे."

"वर तारा ताणल्यात, खाली पायानं दाबायचं. माग नाय तर काय? आन् लय वाईट मांडलाय. ओढायची सोय केली, माघारी आणायची केलीच नाय. गेलेली तार जागेवर आली पाहिजे. सायकलची जुनी ट्यूब आणा."

ट्यूब आली. म्हातारा फरशीवर आडवा होऊन स्टँडखाली शिरला, ट्यूबच्या पट्ट्या कापून एकेका केबलला मागून बांधू लागला, आणि संध्याकाळपर्यंत काही बाहेर आला नाही. चहासुद्धा आतच. मीना भांडायच्या तयारीने कंबरेवर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात फळीखालून गुणगुणणं ऐकू आलं. दोन वर्षांनी! तिला इतका आनंद झाला की स्टँड परत मागायचं राहूनच गेलं.

"मशीन स्टुलावर मांडते," ती डोळे पुसत म्हणाली. "चाक तुम्ही हाताने फिरवायचं. आणि हुकंही तुम्हीच लावायची. चौदाही ब्लाउजांची."

मग गोरक्ष ड्यूटीवरून येई, चाक फिरवी, हुकं लावी आणि उरलेल्या वेळात सराव करी. पण पाय हलला की हात थांबे, हात हलला की पाय झोपी जाई. चौथ्या दिवशी रावजींना ते सोसवेना.

"उठा जरा."

ते बसले. चाळीस वर्षं दोन हात आणि दोन पाय वेगवेगळ्या कामांना लावलेला माणूस! डोळे मिटूनच घेतले. इथे डोळ्यांचं कामच नव्हतं. ओळखीच्या भजनाची चाल धरली, बत्ता सरकला, टाच दबली, आणि सूर वर जाऊन अलगद आपल्या जागी परत आला. रडता रडता हसल्यासारखा. अगदी कॅसेटमधला.

तारा लावून द्यायला आलेल्या सुनीलने चहाचा कप खाली ठेवला. "काका, हे कुठे शिकलात?"

"येवल्याला," रावजी म्हणाले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी लाउडस्पीकरवरून हाक आली, "श्री. गोरक्ष!" सगळ्या कॉलनीने आज त्याचं नाव ऐकलं. गोरक्ष उठला. शेजारी रावजी नवी टोपी घालून बसले होते आणि त्यांचे पाय जमिनीवर आपोआप हलत होते, एकदा पंजा, एकदा टाच. गोरक्षने एकदा स्टेजकडे पाहिलं, मग तो म्हणाला, "मामा, चला. तुम्हीच वाजवायचं." स्टेजची एक फळी हलत होती, म्हणून हा खाली बसून स्टँड घट्ट धरून राहिला. म्हाताऱ्याने अशी काही गिटार वाजवली की टाळ्या थांबेनात. दोनदा वाजवायला लावलं. मीना पहिल्या रांगेत बसून रडत होती आणि हसत होती.

दोन दिवसांनी दारावर थाप पडली.

"गोरक्षभाऊ आहेत का?"

गोरक्ष ताडकन उठला. गोरक्षभाऊ! शर्ट नीट करून, केसांवरून हात फिरवून त्याने दार उघडलं. मागच्या क्वार्टरमधल्या चंद्रभागाबाई भलीमोठी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"हे नऊ ब्लाउज. हुकं लावायचीत, पण गौरींच्या ब्लाउजांना लावलीत तशी, तुमच्याच हातची हवीत हं. परवा स्टेजवर तुम्ही टेबल धरलं होतं ना, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, या माणसाची पकड काय चांगली आहे!"