शिर्केकाकांचा लगदा

आमच्या शेजारच्या शिर्केकाकांकडे गेलात, की चहाच्या आधी तुमच्या डोक्यावरचा एक केस जातो. बोलता बोलता काका पुढे वाकतात, टचकन उपटतात आणि उजेडात धरून विचारतात, "किती जाड?"

"केसाइतका," आपण डोकं चोळत म्हणायचं.

"याचे उभे हजारो भाग कर. त्यातला एक म्हणजे माझा धागा! लाकडातून निघतो आणि पोलादाला भारी पडतो, भई!"

काका लष्करातले, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. तलवार पणजोबांनी चालवली. काकांनी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि मग हा नाद लागला. टोपी बाजारातल्या कागदवाल्याकडून लाकडाच्या लगद्याचे तक्ते आणायचे, भिजवायचे आणि मिक्सरमध्ये इतके फिरवायचे, की डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटे व्हावेत. नॅनोफायबर म्हणतात त्याला. आमची आई त्याला 'काकांचं वाटण' म्हणते.

त्यांचे स्वतःचे दोन मिक्सर जळाले. तिसरा आमचा. "बस, पाच मिनिट, वहिनी," म्हणून नेला. परत आला तेव्हा आधी धूर आला, मग काका.

"मोटर कमजोर आहे तुमची," वर आम्हालाच ऐकवलं.

दिवाळीत तर कहर झाला. समोरचे मोघे आमच्याबरोबर फराळ द्यायला गेले, पाण्यासाठी फ्रिज उघडला, आणि वाडग्यातलं पांढरंशुभ्र काहीतरी दोन चमचे खाऊनही मोकळे झाले.

"काका, खीर छान जमली आहे, पण साखर विसरलात!"

काकांचा चेहरा पडला. आम्हाला वाटलं, आता डॉक्टर. तर काका म्हणाले, "किती खाल्ली? ग्रॅममध्ये सांगा! वजन लिहायचं राहिलंय!"

नुसता लाकडाचा चोथाच तो, अपाय काही नव्हता. पण पोलादाची गोष्ट ऐकलेले मोघे दोन दिवस संडासात जायला घाबरत होते.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी काकांकडे बसलो होतो. औषधाची गोळी शोधायला त्यांनी मला कपाट उघडायला सांगितलं. आत त्याच लगद्याचे, पण काचेसारखे पारदर्शक, पातळ ताव नीट रचून ठेवले होते. एक वाकवून पाहिला. फाटेना.

"काका, हे तर जमलंय!"

"हळू बोल. सहा महिने झाले जमून."

"मग अजून मिक्सर का जाळताय?"

काका चष्मा पुसायला लागले. त्यांची मुलगी मेधा फिनलंडमध्ये याच धाग्यांवर काम करते. दर रविवारी तिचा फोन येतो.

"आधी दोन मिनिटं बोलायची. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. मग मी एकदा लगद्याचं विचारलं. पाऊण तास रागावली रे! पाणी किती घातलंत, दाट का केलंत... जमलं म्हणून सांगितलं, तर मग विचारू काय?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी घाईने चष्मा चढवला.

"लवकर सांग, आज काय बिघडलं म्हणू?"

"मोटर जळाली म्हणा."

"ते मागच्या रविवारी झालं." त्यांनी क्षणभर विचार केला, खुर्ची ओढून ऐसपैस बसले आणि फोन कानाला लावला.

"हां बेटा! अगं, काय सांगू, सगळ्याच्या गुठळ्या झाल्या बघ..."