जिन उघडली

कापसाच्या बंद पडलेल्या जिनमध्ये, म्हणजे जिनिंगच्या गिरणीत, विद्यापीठाचं ग्रंथालय करायचं ठरलं आणि ग्रंथपाल पितांबर सोनवणे यांनी आठ महिने सरकीची धूळ खाल्ली. यंत्रं हलवली, भिंती रंगवल्या, कपाटं लावली. एवढं करून स्वारी अजून हंगामीच! सोमवारचं उद्घाटन नीट पार पडलं, तर ग्रंथालय समितीचे अध्यक्ष प्राचार्य बोरसे त्यांच्या कायम होण्याच्या ऑर्डरीवर तिथंच सही करणार होते.

सोमवारी सकाळी पितांबर फाटकाशी आले आणि बघतात तर काय? फाटकापासून थेट पारोळा रस्त्यापर्यंत कापसाच्या एक्केचाळीस बैलगाड्या! बैल सोडलेले, चुली पेटलेल्या, मंडळी निवांत पत्ते कुटत बसलेली.

"आबा, हे काय?" त्यांनी पहिल्या गाडीवरच्या गिरधर आबांना विचारलं.

"नंबर लावेल शे. आज जिन उघडी राहिनी ना?"

"अहो, इथं आता पुस्तकं आहेत!"

"र्‍हाऊ द्या पुस्तकं. पहिले मना कापूस मोजा."

पितांबरांनी हात जोडले, पण व्यर्थ. कापसाला एकदा नंबर लागला की खानदेशी माणूस घरचं लग्न सोडेल, नंबर सोडणार नाही. आपण हललो आणि मागचा आत घुसला तर?

"पण जिन उघडणार, हे सांगितलं कोणी?"

"मना जवाईनी. मोठा माणूस शे तो! म्हणे, मामा, सोमवारले मी सोता ती जिन उघाडाले जाई राहिनू. मंग मी बठ्ठा गावले सांगं."

तेवढ्यात दूरवर मोटारीचा हॉर्न वाजला. "नंबरमा या, नंबरमा!" गाडीवाले खेकसले. शेवटी प्राचार्य बोरसे मोटार तिथंच सोडून पायी आले. सुटाला कापूस चिकटलेला, चेहरा लालबुंद. पितांबरांनी मनातल्या मनात ऑर्डरीला रामराम ठोकला.

"सोनवणे! कुणा गाढवाचं काम हे?"

पितांबर तोंड उघडणार, तोच गिरधर आबा गाडीवरून उतरले. "या, जवाईबापू! तुमनीच वाट देखी राहिनू."

प्राचार्य एकदम वाकले, सासऱ्यांच्या पाया पडले आणि पितांबरांना बाजूला ओढून कुजबुजले, "आत जागा आहे का हो?"

"वाचनकक्ष आहे, सर. पण—"

"पण-बिण काही नाही. मामांना परत फिरवायची माझी छाती नाही!"

फीत कापली गेली. पाठोपाठ आबांची गाडी आत शिरली आणि वाचनकक्षात कापसाचा पांढराशुभ्र ढीग पडला. प्राचार्यांनी घाम पुसत तिथंच ऑर्डरीवर सही ठोकली. पितांबर कायम झाले! त्यांनी कागद कपाळाला लावला.

तोच फाटकातून खणखणीत आवाज आला, "चाला, आते दुसरा नंबर!"