इंग्रजांचा प्रॉम्प्टर

नामदेवभाऊंना दुसऱ्याचं अडलेलं वाक्य सहन होत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतला एक म्हातारा गेला. तिरडी उचलताना थोरल्या मुलाच्या घशात हुंदका अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. तेवढ्यात मागून दबका, घुमता आवाज आला, "बाबा, आमाले कोनाच्या भरोशावर सोडून चाल्ले जी!" मुलानं ते जसंच्या तसं म्हटलं आणि सगळी आळी रडली. मी मात्र मागे वळून पाहिलं, तर नामदेवभाऊ.

नामदेवभाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की घर सोडायचं आणि तिथल्या रंगमंचाच्या विंगेत बसून राजांना, खलनायकांना, रडणाऱ्या सुनांना वाक्यं पुरवायची. घरी आले की मात्र मौन. "गळा जपा लागते जी." नजर अधू झाल्यावर कंपनीनं नारळ दिला, तसे ते मूल गावातल्या आपल्या घरी ओसरीवर येऊन बसले. मौन तेवढं सुटलं नाही.

मग भाच्यानं नवा टीव्ही लावून दिला. त्यात नुसत्या इंग्लंडच्या मालिका दाखवणारं एक ॲप होतं. पहिला महिना फुकट, पुढे पैसे. महिना संपत आला तशी भाऊंनी मला दुपारी बोलावून घेतलं. "गुरुजी, पैसे भरले तं वसूल होतीन का, पाहून सांगा."

मी बसलो. पडद्यावर रेनकोटातला एक पोलीस अधिकारी कुण्या बाईला हळू आवाजात काहीतरी विचारत होता. भाऊ पत्नीला, कौसल्याबाईंना सांगू लागले, "ठानेदार म्हनते, मावशे, तुह्या जावयाले धानाच्या वावरात कोनं पाहिलं?"

मी उडालोच. "भाऊ, तो चहातल्या विषाबद्दल विचारतोय!"

"असन. पन त्याले ते वाक्य शोभत नाई."

पुढे तर भाऊंच्या सांगण्यात पाद्री मुलगी पाहायला आला, मयताच्या बहिणीनं हुंडा परत मागितला. मी हादरून एकदा पडद्याकडे, एकदा भाऊंकडे बघत होतो. भाग संपला आणि त्यांनीच ताशेरे झाडले. "खून झाला तरी कोनी छाती बडवत नाई. पहिले चहा पेतेत. गाना नाई, नाच नाई, इनोदी मानूस नाई. मंडईत लावलं असतं तं लोकायनं मंडप उपटला असता!"

"मग घेता काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तेच तं इचारून राह्यलो तुमाले."

मी निकाल देऊन टाकला. इंग्रजी येत नाही, मालिका आवडत नाहीत. मग हा भुर्दंड कशाला? बंद करा. भाऊ "बराबर हाये" म्हणाले, पण त्यांचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. एकट्या त्या कधी येत नाहीत. "गुरुजी, ते चालू ठेवा म्हना त्यायले."

"बाई, भाऊ सगळं मनानं सांगतात हो. तिथं तसं एक अक्षर नसतं."

"मालूम हाये न जी. ठानेदार काऊन मावशे म्हनन?" त्या हसल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मराठी सिरीयल लावली तं यायले बोलाचं कामच नाई. मले आयकू येते, समजते. हे इंग्रजी लागलं तवा बोलाले लागले. परवा एक साहेब बायकोसमोर उभा होता. तं हे सांगतेत, साहेब म्हनते, 'सीजनभर मी गावोगाव हिंडलो, तुनं एकटीनं धान घरी आनला. तुले कसं होते, म्या कधी इचारलं नाई.' सांगताना माह्याकडं पाह्यलं नाई. टीव्हीकडंच पाहत होते."

काल मी ऐटीत काय बंद करायला सांगितलं होतं!

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना, चालू ठेवा म्हणून."

"मी सांगितलं तं त्यायले कळन, का साहेबाच्या आडून कोन बोलते ते मले समजलं," बाई म्हणाल्या. "मंग थो साहेब बोलनच नाई जी."

मी चपला पायात सरकवल्या आणि भाऊंच्या ओसरीकडे निघालो.