भिंतीतली भाभी

"काम चालू असेपर्यंत दुसरीकडे राहायला जा," असं आर्किटेक्ट बाईंनी सादियाला निघता निघता बजावलं होतं. रियाधहून आलेली तरुण सौदी मुलगी, अबायाच्या बाह्या सरसावून स्वतः मोजमापं घेणारी. सादियाने तिला कॉफी दिली, खजूर दिले आणि तिचा सल्ला तिच्याबरोबरच परत पाठवला. दूध तापवतानासुद्धा गॅसपासून न हलणारी बाई घर सोडून जाईल होय? "माझ्या नजरेखाली एक फरशी वाकडी बसणार नाही," असं तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

नवरा मुझम्मिल अल खर्जच्या एका डेअरी फार्मवर इंजिनियर. घर कंपनीचं, दोन खोल्यांचं. शेजारच्या गोठ्यांत गायींना दिवसभर गार फवारे आणि ढणढणणारे पंखे, आणि माणसांना मिळून एक एसी. शेवटी कंपनीला दया आली. दोन वर्षांच्या झयानसाठी एक नवी खोली काढायची, आणि तिच्या कोपऱ्यातल्या जुन्या अडगळीच्या कोनाड्याचं तोंड जिप्सम बोर्डने बुजवून आतून एसीचे पाइप न्यायचे, असा नकाशा मंजूर झाला.

कामावर खेडचा नसरुद्दीन आणि त्याची माणसं. नसरुद्दीन म्हणजे अदबीचा पुतळा. आत येण्याआधी दारात खाकरायचा, "भाभी, येतोय आम्ही" म्हणायचा आणि सादिया आतल्या खोलीत गेल्याची खात्री होईपर्यंत उन्हात भाजत उभा राहायचा. तिच्याशी बोलायचा तेही बंद दाराआडून. इतके दिवस काम करून त्याने तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

सादियाला भीती एकाच गोष्टीची होती. मागच्या अंगणातल्या, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची. नव्या पाइपसाठी तिचं झाकण काढलं होतं आणि वर नुसता प्लायवुडचा तुकडा टाकला होता. त्यात झयान नुकताच दाराची मूठ फिरवायला शिकलेला. म्हणून ती झोपायच्या खोलीला कुलूप घालून किल्ली मुठीत घेऊनच वावरायची.

त्या दुपारी माणसं जेवायला गेली, झयान झोपला. किल्लीच्या आवाजाने उठेल म्हणून सादियाने दार नुसतं ओढून घेतलं, मोबाइल त्याच्या उशाशी ठेवला आणि घरातल्या मॅक्सीवर, ओढणीसुद्धा न घेता, नव्या खोलीतल्या फरश्या तपासायला गेली.

आणि दारात खाकरणं ऐकू आलं.

परत जायचं तर बाहेरच्या दारासमोरून जावं लागणार. मॅक्सीत! ती पटकन अडगळीच्या कोनाड्यात शिरली. झोपायच्या खोलीचं दार लागलेलं बघून माणसं आत आली आणि थेट तिथेच कामाला लागली.

खालचा बोर्ड बसला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण सांगणार काय? थांबा, मी आत आहे? कामगारांचा सगळा कॅम्प ईदपर्यंत हसला असता. चहाला जातील तेव्हा निघू, असं ठरवून ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. त्या दिवशी कुणाला चहाची तल्लफच आली नाही. मधला बोर्ड बसला. मग वरचा. मिट्ट काळोख झाला. आता मात्र ती ओरडली, तर ड्रिल आणि गायींचे पंखे यांनी मिळून तिचा आवाज गिळून टाकला.

ड्रिल थांबलं तेव्हा भिंतीपलीकडून दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला. मग "मम्मा?" मग इवल्या चपलांची फट-फट, मागच्या अंगणाच्या दिशेने.

सादिया ताडकन उठली. ती दोन्ही हातांनी बोर्ड बडवत किंचाळली, "झयान, तिकडे जाऊ नकोस! इकडे ये, माझ्याकडे ये!"

आता बाहेरच्यांचा विचार करा. स्वतःच्या हाताने नुकतीच बंद केलेली भिंत, आणि आतून एक बाई लेकराला स्वतःकडे बोलावतेय. हत्यारं खाली पडली, पावलं धावली, कुणीतरी मोठमोठ्याने कुराणातली आयत म्हणत दाराबाहेर गेलं. घर रिकामं झालं. चपलांचा आवाजही थांबला.

तो थांबल्यावर सादियाने लाज, अदब, कंपनीचा खर्च, काही पाहिलं नाही. बोर्डावर लाथा घातल्या आणि भगदाडातून बाहेर पडली. केस मोकळे, डोक्यापासून पायापर्यंत जिप्समच्या धुळीने पांढरीफटक.

अंगणात प्लायवुड सरकलेलं होतं. पाण्यावर एक इवली चप्पल तरंगत होती. ती काठाशी बसून आत वाकली. मग तिने वर पाहिलं. टाकीच्या पलीकडे नसरुद्दीन उभा होता, आणि त्याच्या कडेवर झयान. भिंतीतली पोराच्या मागे लागलीय, हे बाहेर पळाल्यावर त्याच्या ध्यानात आलं होतं. बाकीचे फाटकापर्यंत गेले, हा एकटा दातखीळ बसलेल्या अवस्थेत पोरासाठी परत आला होता. क्षणभर उशीर झाला असता तर, हा विचार सादिया अजून पुरा करू शकत नाही.

तिने दोन्ही हात पुढे केले. "दे त्याला माझ्याकडे."

नसरुद्दीनने मान वर केली, आणि जीव जाईल पण पोर देणार नाही अशा थाटात जो सुटला, तो गोठ्यांमधून, फवाऱ्यांखालून, थेट वॉचमनच्या केबिनपर्यंत. मागून सादिया. गायी रवंथ थांबवून बघत राहिल्या. झयान त्याच्या खांद्यावरून टाळ्या पिटत होता.

केबिनला आतून कडी. मुझम्मिल धावत आला तेव्हा कुठे खिडकीतून पोर बाहेर आलं. "पोर सांभाळा साहेब," नसरुद्दीन रडत म्हणाला, "भाभी गेल्या. भिंतीतलीने नेल्या."

मुझम्मिलने सादियाला पुढे केलं. हीच तुझी भाभी, म्हणाला.

"मी भाभींना बघितलंय कुठं, ओळखू कसं? आवाज काय, तीही काढेल."

 संध्याकाळच्या आत नसरुद्दीन भावाकडे, रियाधमधल्या अल सुलैला निघून गेला. सादिया आभार मानायला फोन करते, तर तिचा आवाज ऐकताच तो आयत म्हणायला लागतो आणि फोन ठेवतो. अंगात ताप आहे म्हणे.

म्हणून सादियाचं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. तुमच्यापैकी कुणी अल सुलैच्या बाजूला राहत असेल, तर गोदामांमागच्या कॅम्पात जाऊन खेडच्या नसरुद्दीनला एकदा बघून या. ताप उतरला का, जेवतो का, विचारा. झयान खुशाल आहे म्हणावं. मटणाचा डबा ती तुमच्याकडे पोचवेल.

फक्त डबा कुणी दिला, ते त्याला सांगू नका.